गच्चीवरचे प्राध्यापक हॉटेल

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि नेमके त्याच दिवसांत आमच्या गंगापूर रोडवरच्या घरात सोलरचे पाणी कोमट येऊ लागले. गच्चीवरचे आमचे पॅनल जुन्या पद्धतीचे आहे, म्हणजे काळ्या रंगाची तांब्याची पट्टी, तिला जोडलेल्या नळ्या, वर काच आणि खाली उष्णतारोधक लोकर भरलेली चपटी पेटी. पाहायला आलेल्या तीन कारागिरांनी तीन निदाने केली. पहिल्याच्या मते टाकी बदलायला हवी होती, दुसऱ्याच्या मते काच जुनी झाली होती, आणि तिसरा, वयाने सर्वांत लहान आणि बोलायला सर्वांत गोड, म्हणाला, "काका, हे पत्र्याचं पॅनल आता कुणी ठेवत नाही. काढून टाका, ट्यूबवालं बसवून देतो." तिघांपैकी एकानेही पाण्यात तापमापक बुडवून पाहिला नव्हता.

तो मी बुडवला. दुपारी साडेबारा वाजता पॅनलमधून वर जाणाऱ्या नळीला हात लावणे अशक्य होते, तिथे ८० अंशांच्या वर तापमान होते, आणि टाकीतले पाणी मात्र ३८ अंशांवर होते. म्हणजे पॅनल तापत होते, पण त्याची उष्णता टाकीपर्यंत पोहोचत नव्हती. या व्यवस्थेत पंप नसतो. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे थंड पाणी खाली पॅनलमध्ये उतरते, एवढ्यावरच सारे चालते, आणि म्हणून गरम पाण्याची नळी पॅनलपासून टाकीपर्यंत अखंड चढती असावी लागते. आमच्या नळीचा आधार गंजून तुटला होता, नळी मध्येच झुकली होती, तिच्या पुढे तयार झालेल्या उंचवट्यात हवा अडकली होती आणि प्रवाह थांबला होता. नळीखाली एक लाकडी ठोकळा सरकवून आणि हवा काढून काम झाले. संध्याकाळपर्यंत टाकीत ५४ अंश तापमानाचे पाणी होते.

हे सांगण्याचे कारण ठोकळा नव्हे. त्या दुपारी काखेत तापमापक धरून उभा असताना ज्या माणसाची आठवण झाली, त्याच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. पॅनल जितके अधिक तापते तितके ते आपल्याला कमी उष्णता देते, ही वरकरणी उलटी वाटणारी गोष्ट ज्याने मोजून, समीकरणात बांधून दाखवली, तो हा माणूस: होयट क्लार्क हॉटेल, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधला, म्हणजे एमआयटीतला, रसायन अभियांत्रिकीचा प्राध्यापक. आडनावाला माझा इलाज नाही. मी घरात "हॉटेलचे म्हणणे असे होते" असे म्हणालो की नातू मिसळ कुठली ते विचारतो.

हॉटेल यांचा जन्म १९०३ सालचा, इंडियाना राज्यातल्या सेलम या लहान गावातला. इंडियाना विद्यापीठातून ते १९२२ साली रसायनशास्त्राचे पदवीधर झाले, तेव्हा वय होते अवघे एकोणीस. तिथून ते एमआयटीत रसायन अभियांत्रिकी शिकायला गेले, १९२४ साली पदव्युत्तर पदवी घेतली आणि मग शिक्षक म्हणून तिथेच राहिले. १९६८ साली निवृत्त होईपर्यंत आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ती संस्था सोडली नाही. १९९८ साली, पंचाण्णवाव्या वर्षी, ते वारले. एकाच संस्थेत एवढे आयुष्य घालवलेल्या माणसाचे चरित्र कंटाळवाणे असेल असे वाटते. हॉटेल यांचे तसे नाही, कारण ज्या विषयाला त्यांनी हात घातला तो विषय, आग, गेल्या शतकात जिथे जिथे गेला तिथे तिथे तेही गेले.

माझी त्यांच्याशी ओळख सूर्यामुळे झाली नाही, भट्टीमुळे झाली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विल्यम मॅकअ‍ॅडम्स यांचे उष्णता संक्रमणावरचे जाडजूड पाठ्यपुस्तक होते, त्यातले प्रारणावरचे प्रकरण हॉटेल यांनी लिहिलेले होते, आणि त्यात ते प्रसिद्ध आलेख होते: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे दोन वायू किती तापमानाला, किती जाडीच्या थरातून, किती उष्णता फेकतात याचे. परीक्षेपुरते ते आलेख वाचायला मी शिकलो. त्यांचा अर्थ कळला तो पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाचे गोळे तापवण्याच्या तेलभट्टीसमोर उभे राहिल्यावर.

भट्टीत उष्णता कशी पोहोचते याची सर्वसाधारण कल्पना अशी असते की गरम धूर धातूला लागतो आणि धातू तापतो. हजार-बाराशे अंशांवर हे चित्र फारसे खरे राहत नाही. तिथे बहुतेक उष्णता प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी, न शिवता जाते. आता हवेचा सुमारे ७९ टक्के भाग नायट्रोजन. तो जळत नाही आणि भट्टीच्या तापमानाला व्यवहारतः प्रारणही करत नाही. आपण त्याला तापवतो आणि तो ती उष्णता घेऊन चिमणीतून निघून जातो. भट्टीतला फुकट्या पाहुणा तो हाच. उष्णता फेकतात ते कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि ज्योतीतले काजळीचे कण. त्यातही हे दोन वायू सगळ्या तरंगलांबींवर सारखे उत्सर्जन करत नाहीत, काही ठरावीक पट्ट्यांतच करतात, आणि थर जाड केला तर उत्सर्जन वाढते, पण जाडीच्या प्रमाणात वाढत नाही. हॉटेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत वायूंचे थर तापवून हे सारे मोजले, आणि १९४२ पर्यंत ते आलेख अभियंत्याने टेबलावर ठेवून वापरावे इतके पक्के झाले. १९३४ पासून निवृत्तीपर्यंत ते एमआयटीच्या इंधन संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख होते. जगभरच्या बॉयलर आणि भट्ट्यांच्या आराखड्यांत त्या प्रयोगशाळेतले आकडे आहेत. आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचांसारख्या बॉयलरमध्ये ज्योतीभोवती पाण्याच्या नळ्यांची जी भिंत असते, ती किती उष्णता घेईल हे ठरवण्यामागचे शास्त्र याच घराण्यातले.

सातपूरला आमच्या भट्टीवर एक वयस्कर मिस्त्री होते. भट्टीचे छत नव्याने बांधायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, छत वीतभर उंच घ्या, माल लवकर तापेल. मी नुकताच पुस्तकातून बाहेर पडलेलो. छत उंच केले की भिंतींचे क्षेत्रफळ वाढणार, उष्णतेची गळती वाढणार, हे मला दिसत होते, आणि मी तसे ठणकावून सांगितलेही. घरी येऊन हॉटेल यांची रीत लावून पाहिली. त्यांनी कोणत्याही आकाराच्या पोकळीसाठी वायूच्या थराची एक सरासरी जाडी काढण्याचा साधा मार्ग दिलेला आहे: पोकळीच्या घनफळाला तिच्या पृष्ठफळाने भागायचे आणि ३.६ ने गुणायचे. छत उंच केल्यावर ही जाडी वाढत होती, वायूचे प्रारण वाढत होते, आणि भिंतीची वाढीव गळती त्यापुढे किरकोळ ठरत होती. मिस्त्रींचे बरोबर होते. त्यांच्या मनात थराच्या जाडीची कल्पना नसणार. चाळीस वर्षे भट्ट्यांपुढे बसून त्यांनी आलेख डोळ्यांनी काढलेला होता. छत उंच बांधले गेले. मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली, तेव्हा त्यांनी तंबाखू मळत फक्त मान हलवली.

हॉटेल यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र आलेख नव्हेत, दोऱ्याची युक्ती आहे. एका पृष्ठभागातून निघालेल्या प्रारणापैकी किती भाग दुसऱ्या पृष्ठभागावर पडतो हे काढायचे तर एरवी दुहेरी संकलनाचे किचकट गणित करावे लागते. लांबच लांब पसरलेल्या पृष्ठभागांसाठी हॉटेल यांनी सांगितले की दोन्हींच्या कडांना दोरे बांधा. तिरपे, एकमेकांना छेदणारे दोन दोरे आणि बाजूचे, न छेदणारे दोन दोरे. तिरप्यांच्या लांबीच्या बेरजेतून बाजूच्यांची बेरीज वजा करा आणि पहिल्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या दुपटीने भागा. झाले. मीटरभर रुंदीच्या दोन भिंती समोरासमोर मीटरभर अंतरावर असतील तर तिरपे दोरे मिळून २.८३ मीटर, बाजूचे मिळून २ मीटर, फरक ०.८३, त्याला २ ने भागले की ०.४१, म्हणजे एका भिंतीच्या प्रारणातला ४१ टक्के भाग समोरच्या भिंतीला मिळतो, उरलेला वरच्या-खालच्या फटींतून निसटतो. नातवाच्या येवल्याच्या पतंगाचा उरलेला दोरा आणि चार टाचण्या घेऊन मी हे त्याला करून दाखवले आहे. त्याला फारसे कौतुक वाटले नाही. मला दर वेळी नव्याने वाटते.

ज्या माणसाला आग इतकी कळते त्याला युद्धात कोण मोकळा सोडणार? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीने आगीच्या युद्धासंबंधीच्या विभागाचे प्रमुखपद हॉटेल यांना दिले. आग लावणारे बॉम्ब आणि ज्वालाफेकी यंत्रे हे त्या विभागाचे काम होते. यूटा राज्यातल्या डगवे येथील वाळवंटात १९४३ साली जर्मन आणि जपानी घरांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारून, आतल्या सामानासकट, त्यांच्यावर हे बॉम्ब टाकून पाहण्यात आले. त्या चाचण्यांत उतरलेले एम-६९ जातीचे बॉम्ब ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर पडले आणि लाकडी घरांचे ते शहर मैलच्या मैल जळाले. हॉटेल यांना युद्धानंतर अमेरिकेचे 'मेडल फॉर मेरिट' मिळाले. त्यांच्या कारकिर्दीवर लिहिणारे या भागावरून लवकर पुढे सरकतात. मलाही इथे फार थांबता येत नाही, कारण मी न्यायाधीश नाही. पण घर कसे पेटते याचा अभ्यास आणि घर उन्हाने कसे उबदार ठेवता येईल याचा अभ्यास एकाच माणसाच्या टेबलावर, काही वर्षांच्या अंतराने, होता हे वगळून त्यांच्याबद्दल लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

उन्हाने घर उबदार ठेवण्याची गोष्ट युद्धाच्या थोडी आधी सुरू झाली. बॉस्टनचे एक श्रीमंत उद्योजक, गॉडफ्रे लॉवेल कॅबट, यांनी १९३८ साली सौरऊर्जेच्या संशोधनासाठी एमआयटीला सुमारे साडेसहा लाख डॉलरची देणगी दिली. कॅबट यांची संपत्ती काजळीतून, म्हणजे रंग आणि टायर यांत लागणाऱ्या कार्बन ब्लॅकमधून आलेली होती. काजळीच्या पैशातून सूर्याचा अभ्यास व्हावा हे मला मोठे गमतीचे वाटते. त्या निधीच्या कामाची धुरा हॉटेल यांच्याकडे आली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांच्याकडेच राहिली.

१९३९ साली त्यांच्या गटाने एमआयटीच्या आवारात दोन खोल्यांचे एक छोटे घर बांधले. दक्षिणेकडच्या उतरत्या छपरावर काचेखाली काळे केलेले तांब्याचे पत्रे आणि नळ्या, आणि तळघरात १७,४०० गॅलनची, म्हणजे सुमारे ६६,००० लिटरची, पाण्याची अवाढव्य टाकी. ती आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरने भरायची म्हटली तर सहा-सात खेपा लागतील. कल्पना अशी की उन्हाळ्यातली उष्णता टाकीत साठवायची आणि बॉस्टनच्या बर्फाळ हिवाळ्यात ती घर गरम करायला वापरायची. ही कल्पना चालली. घर हिवाळाभर उबदार राहिले. आणि हॉटेल यांनी काढलेला निष्कर्ष असा की हे परवडणारे नाही: एवढ्या टाकीचा आणि एवढ्या काचेचा खर्च वाचलेल्या कोळशातून आणि तेलातून कधीच भरून येणार नव्हता. स्वतःचा प्रयोग यशस्वी झाल्यावर त्याच्याविरुद्ध निकाल देणारा संशोधक मला दुर्मीळ वाटतो, आणि त्यांच्यावर लिहावेसे वाटले ते मुख्यतः यामुळेच.

घराचा मोठा उपयोग झाला तो मोजमापासाठी. त्या छपरावर हॉटेल आणि त्यांचा विद्यार्थी बायरन वुर्ट्झ यांनी केलेल्या मोजणीवर आधारलेला निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, आणि चपट्या सौर पॅनलचे शास्त्र तिथून सुरू झाले असे मानतात. पुढे दक्षिण आफ्रिकेहून आलेला त्यांचा विद्यार्थी ऑस्टिन व्हिलियर याने १९५३ च्या आपल्या प्रबंधात ते पूर्णत्वाला नेले आणि अ‍ॅरिझोनाच्या रेमंड ब्लिस यांनी १९५९ साली त्यात भर घातली. म्हणून त्या समीकरणाला आज हॉटेल-व्हिलियर-ब्लिस असे तिहेरी नाव आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. सुखात्मे यांच्या सौरऊर्जेवरच्या पाठ्यपुस्तकातून आपल्याकडच्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी हेच विश्लेषण शिकले आहे, आणि पॅनलची कार्यक्षमता तपासताना आजही जी सरळ रेषा काढतात ती याच समीकरणाची रेषा असते.

समीकरण म्हणजे दुकानदाराचा जमाखर्च आहे. जमेच्या बाजूला काचेतून आत येऊन काळ्या पट्टीने शोषलेले ऊन. खर्चाच्या बाजूला गळती, आणि ही गळती पॅनल व बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. ढोबळ आकडे घेऊन पाहू. दुपारी एका चौरस मीटरवर ९०० वॅट ऊन पडते आहे आणि पट्टी त्यातले ७२० वॅट शोषते आहे असे धरा, आणि एका काचेच्या साध्या पॅनलची गळती दर अंशाच्या फरकामागे ७ वॅट धरा. हवा २० अंशांवर आहे. पॅनलही २० अंशांवर असेल तर गळती शून्य, सारेच्या सारे ७२० वॅट पाण्याला. पॅनल ६० अंशांवर गेले की ४० अंशांच्या फरकाचे २८० वॅट गेले, उरले ४४०. ते ८० वर गेले की ४२० वॅट गेले, उरले ३००. आणि पाणी खेळतेच राहिले नाही तर पॅनल तापत तापत हवेपेक्षा शंभरएक अंशांनी वर जाऊन थांबते, कारण तिथे जमा आणि खर्च समान होतात आणि शिल्लक शून्य राहते. आमच्या गच्चीवर अडकलेल्या हवेमुळे नेमके हेच होऊ लागले होते. हात पोळेल इतके तापलेले पॅनल पाहून कोणालाही वाटेल की ते उत्तम काम करते आहे. प्रत्यक्षात ते सगळी कमाई वाऱ्यावर उधळत असते.

ट्यूबवाल्या कारागिराचेही अगदीच चुकीचे नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. दुहेरी काचेच्या नळीतली हवा काढून टाकली की हवेमार्फत होणारी गळती जवळजवळ बंद होते, आणि इस्राएलच्या हॅरी टेबर यांनी १९५५ च्या सुमारास पुढे आणलेला निवडक लेप, जो ऊन शोषतो पण स्वतः फारशी उष्णता फेकत नाही, तो लावला की प्रारणाची गळतीही घटते. पण हे दोन्ही उपाय हॉटेल यांच्या खर्चाच्या रकान्यातल्या त्या सातवर केलेले घाव आहेत, रकाना तोच.

आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात तांबट लेनमधून घडवून आणलेला तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या आणि गोवऱ्या, भोवती पाणी. बंबात आगीच्या चारही बाजूंना पाणी असते, आगीला पाण्याशिवाय दुसरे काही दिसतच नाही, म्हणून तो इतक्या थोड्या सरपणावर चालतो. आजी मात्र ढलप्या नेहमी नळीच्या तोंडापर्यंत न भरता थोड्या खालीच, ज्योतीला वर उसळायला जागा ठेवून भरायची, आणि पूर्ण नळी भरली की रागवायची. ज्योतीच्या थराला जाडी देण्याची ती गोष्ट भट्टीच्या छताचीच लहान आवृत्ती होती, हे मला बंब भंगारात गेल्यावर वीस वर्षांनी कळले.

आता हॉटेल यांच्या कारकिर्दीतले एक प्रकरण, ज्यात माझी सहानुभूती दुसऱ्या पक्षाकडे आहे. कॅबट निधीच्या कामात हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेल्केश या शास्त्रज्ञ होत्या. युद्धकाळात त्यांनी समुद्रात अडकलेल्या खलाशांसाठी उन्हावर चालणारे, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे साधन तयार केले होते. त्यांचे म्हणणे असे की उष्णता साठवायला पाण्याच्या अवाढव्य टाक्या नकोत. ग्लॉबर मीठ, म्हणजे पाणी धरून असलेले सोडियम सल्फेट, सुमारे ३२ अंशांना वितळते आणि वितळताना पुष्कळ उष्णता गिळते, गोठताना ती परत देते, तेव्हा थोड्या जागेत काम होईल. हॉटेल यांना ते पटत नव्हते. १९४७ च्या दुसऱ्या प्रायोगिक घरात तो उपाय नीट चालला नाही आणि दोघांचे बिनसले. टेल्केश यांनी मग वास्तुरचनाकार एलेनॉर रेमंड आणि पैसा पुरवणाऱ्या अमेलिया पीबॉडी यांना सोबत घेऊन डोव्हर गावी १९४८ साली स्वतंत्र घर उभे केले, भिंतींत सुमारे २१ टन मीठ भरून. देणारी, बांधणारी आणि शोधणारी, तिघीही स्त्रिया. वर्तमानपत्रांत त्या घराचा मोठा गाजावाजा झाला. दोन हिवाळे ते चालले, पण वारंवार वितळून-गोठून मिठाचे थर वेगळे झाले, डबे गळू लागले, आणि तिसऱ्या हिवाळ्यानंतर ती व्यवस्था काढावी लागली. १९५३ साली टेल्केश यांचा एमआयटीशी संबंध संपला.

हॉटेल यांचा हिशेब बरोबर होता, हे मान्य. मिठाचे थर वेगळे होतात ही हरकत खरी होती. पण निधीच्या कामाच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बरोबर असण्यापेक्षा थोडे अधिक मागावेसे वाटते. वितळणाऱ्या पदार्थांत उष्णता साठवण्याची टेल्केश यांची कल्पना मेली नाही. सुधारित मिठे आणि मेणे वापरून ती आज शीतसाखळीच्या खोक्यांपासून इमारतींपर्यंत वापरात आहे. तिला आणखी पाच वर्षे आणि एक चांगला रसायन अभियंता मिळाला असता तर काय झाले असते? आणि चांगला रसायन अभियंता तर त्याच इमारतीत बसलेला होता.

पुढच्या घरांबद्दल थोडक्यात. तिसरे घर १९४९ साली, छपरावर पॅनल आणि माळ्यावर १,२०० गॅलनची आटोपशीर टाकी. त्यात एक विद्यार्थी-कुटुंब प्रत्यक्ष राहिले. चौथे १९५८ साली लेक्सिंग्टनला, दिसायला नीटस, शेजारच्या घरांत मिसळून जाईल असे. त्याच्या उष्णतेच्या गरजेपैकी जवळपास निम्मीच सूर्याकडून भागली, जी अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. हळूहळू ते काम बंद पडले. तेल स्वस्त होते, आणि हॉटेल यांचे मत १९३९ पासून बदललेले नव्हते. जॅक हॉवर्ड यांच्याबरोबर १९७१ साली लिहिलेल्या ऊर्जा तंत्रज्ञानाच्या आढाव्यातही सौरऊर्जेबद्दल ते सावधच आहेत. दोन वर्षांत तेलसंकट आले आणि ज्यांनी सूर्याबद्दल कधी विचार केला नव्हता ते सगळे सूर्यभक्त झाले. हॉटेल तेव्हाही, सत्तरीत, खर्चाचा रकाना दाखवत राहिले. त्यांना निराशावादी म्हणणारे होते. मला वाटते, त्यांची चूक झाली असेल तर ती भूगोलाची: बॉस्टनचा हिवाळा आणि घर गरम करण्याची गरज यांवर त्यांनी निकाल दिला. नाशिकसारख्या, २० अक्षांशावरच्या गावात हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, घर गरम करायचे नसते, हवे असते फक्त शंभर-दोनशे लिटर आंघोळीचे पाणी. शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण ४.७ युनिट उष्णता लागते आणि दोन चौरस मीटरच्या पॅनलवर स्वच्छ दिवशी त्याच्या दुपटीहून अधिक ऊन पडते. त्यांच्याच समीकरणाने इथला हिशेब जमेत येतो.

मराठीत संशोधक हा शब्द नवे ज्ञान शोधणाऱ्यालाही लावतात आणि नवे यंत्र काढणाऱ्यालाही, आणि हॉटेल यांच्या बाबतीत ही संदिग्धता सोयीची आहे. त्यांनी घरे, पॅनल, बॉम्बची परीक्षागृहे उभी केली, पण त्यांची खरी निर्मिती म्हणजे मोजण्याच्या रीती: वायूचे आलेख, दोऱ्याची युक्ती, भट्टीचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येकाचा हिशेब मांडण्याची पद्धत, जी त्यांनी अ‍ॅडेल सरोफिम यांच्यासह १९६७ च्या ग्रंथात सविस्तर मांडली. अशा गोष्टींवर कोणाचे नाव कोरलेले नसते. गच्चीवरच्या पेटीवर विकणाऱ्याचे नाव असते.

१९७६ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आणखी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला: निरभ्र दिवशी सूर्याच्या थेट किरणांपैकी किती भाग वातावरणातून जमिनीपर्यंत पोहोचतो हे काढण्याची सोपी रीत. ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि सूर्याचा कोन एवढेच लागते. उष्ण कटिबंधासाठी वेगळे गुणक त्यांनी दिलेले आहेत. नळी दुरुस्त केल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती रीत आमच्या गच्चीसाठी लावून पाहिली. उंची ६०० मीटर धरली, तारीख २१ डिसेंबर, वेळ मध्यान्हाची, सूर्य डोक्यावरून ४३ अंश दक्षिणेला कललेला. उत्तर आले ०.६१, म्हणजे शंभरातले एकसष्ट भाग खाली येतात, किरणांकडे तोंड केलेल्या दर चौरस मीटरला सुमारे ८६० वॅट.

या रीतीला एक अट आहे. ती २३ किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसेल इतक्या स्वच्छ हवेसाठी आहे. आमच्या गच्चीवरून उत्तरेला रामशेजचा किल्ला दिसतो, आणि तो त्याहून बराच जवळ आहे. आज सकाळी नऊ वाजता धुरकट हवेत तो अजिबात दिसत नव्हता. साडेअकरानंतर त्याची कड हळूहळू उमटली. टाकीतले पाणी संध्याकाळी ५१ अंशांवर होते.